जुनें होणें आणि मुरणें

आपल्या मराठी भाषेंत जुनेपणाला दोन निरनिराळे शब्द आहेत. कालची भाकरी आज शिळी होते; पण गेल्या वर्षाचें लोणचें मुरतें. काळ दोहोंवरून सारखाच गेला. त्यानें एक पदार्थ बिघडविला, दुसरा सुधारला. हा भेद कशानें पडतो, हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला. परंतु परसांतल्या झाडांना, घरांतल्या वृद्धांना आणि एकत्र कुटुंबाच्या रूढींनाहि तो लागू पडतो, म्हणून आम्हांस तो लहान वाटत नाहीं. या लेखांत त्या प्रश्नाचा विचार आम्ही एका परकीय पदार्थाच्या आधारें करणार आहों. तो पदार्थ म्हणजे शिराझ नांवाच्या काळ्या द्राक्षांचें, शंभर वर्षांहून जुन्या वेलींपासून काढलेलें आणि बाटलींत पंधरा वर्षें मुरलेलें मद्य.

मद्याचें नांव या पानावर पाहून कित्येक वाचकांच्या, आणि विशेषतः वाचकभगिनींच्या, भुंवया वर चढतील हें आम्ही जाणतों. आमचें गांव रत्नागिरी. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ सालीं याच गांवीं झाला. आणि १९०८ सालीं पुण्यास दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे करून मद्यपाननिषेधाची जी चळवळ झाली, तिचें पुढारीपण त्यांच्याकडेच होतें. अशा गांवच्या माणसानें मद्याची भलामण करावी हें शोभणार नाहीं, आणि आमचा तो हेतूहि नाहीं. दारूनें धुळीस मिळालेलीं घरें आम्हीं शिक्षकाच्या पेशांत असतां जवळून पाहिलीं आहेत; त्या घरांतलीं मुलें आमच्याच वर्गांत मागच्या बांकावर मान खालीं घालून बसत. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्टच सांगितलें आहे कीं, मद्याचें अमुक एक प्रमाण प्रकृतीस निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं. ज्यांच्या घरीं मद्य येत नाहीं त्यांनीं तें आणावें, असें सुचविणारें एकहि वाक्य या लेखांत वाचकांस आढळणार नाहीं.

परंतु एखादी वस्तु निषिद्ध असली म्हणून ती जाणूंहि नये, असें आपल्या पूर्वजांनीं कधीं मानलें नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरापानाची गणना महापातकांत केली आहे. आणि गौडी, पैष्टी व माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगून ते तिन्ही सारखेच वर्ज्य ठरविले आहेत. पळवाट काढण्यास तेथें जागा नाहीं, व आम्ही ती काढीतहि नाहीं. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत द्राक्षांच्या रसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ असें नांव देऊन कापिशायन आणि हारहूरक असे त्याचे देशपरत्वें दोन प्रकार दिले आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील बेग्रामच्या आसपासचा मुलूख. त्या नगरीच्या नांवावरून ‘कापिशायन’ हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें एक वेगळें सूत्र खर्ची घातलें, आणि काशिकावृत्तींत त्याचीं उदाहरणें दिलीं आहेत तीं मद्याचीं व द्राक्षांचींच. जो पाणिनि अर्धी मात्रा वांचविण्यासाठीं झटतो, तो एका गांवासाठीं सबंध सूत्र देतो! कालिदासानें तर रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत पारसीकांना जिंकल्यावर रघूच्या योद्ध्यांना द्राक्षांच्या मळ्यांत चामडीं अंथरून बसविलें आहे आणि द्राक्षांच्या मद्यानें त्यांचा शीण घालविला आहे. हे ग्रंथ आम्ही शिकलों व शिकविले. तेथें कोणीं नाक मुरडलें नाहीं.

आतां मुरण्यासंबंधीं आपले वैद्य काय म्हणतात तें पाहूं. चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत नवें मद्य जड व दोष चाळविणारें आणि जुनें मद्य हलकें, रुचकर व अग्निदीपक मानलें आहे. शार्ङ्गधरांनीं आसव जुने झाले म्हणजे गुणवान होतात असें सांगितलें आहे. आणि या दोघां आचार्यांचा अनुभव घेण्यासाठीं वाचकांना फार दूर जावयास नको. घरांतल्या औषधांच्या फळीवर द्राक्षारिष्टाची बाटली बहुधा उभीच असेल. द्राक्षांचा काढा, गूळ व धायटीचीं फुलें एकत्र करून, भांड्याचें तोंड बंद करून तें महिनाभर ठेवतात. फुलांबरोबर आलेलें किण्व गुळाचा कांहीं अंश मद्यार्कांत पालटतें. शेंकडा पांच-दहा भाग मद्यार्क असलेलें तें औषध आपल्या आजीबाई जेवणानंतर निःशंकपणें घेत. औषध आणि व्यसन यांतील अंतर मात्रा आणि हेतु यांनीं ठरतें, हें त्या माउलींना ग्रंथ न वाचतां ठाऊक होतें.

वेलीची हकीकत

शिराझ हें इराणांतील एका प्रसिद्ध नगराचें नांव. त्या नगराहून कोणा धर्मयोद्ध्यानें ही वेल फ्रान्सला नेली, अशी दंतकथा युरोपांत दीर्घकाळ प्रचलित होती. ऐकावयास ती गोड आहे, पण खरी नाहीं. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस व फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनीं या वेलीच्या बीजद्रव्याची परीक्षा केली, तेव्हां तिचे आईबाप फ्रान्सच्या आग्नेय भागांतल्याच दोन जुन्या जाती निघाल्या. एक द्युरेझा व दुसरी माँद्यूझ ब्लांश. फ्रेंच लोक या द्राक्षाला सिरा म्हणतात, आणि ऱ्होन नदीच्या कांठची एर्मिताज नांवाची टेकडी हें त्याचें जुनें पीठ आहे.

तेथून ही वेल ऑस्ट्रेलियाला गेली. जेम्स बस्बी नांवाच्या गृहस्थानें १८३१ सालीं फ्रान्स व स्पेन हे देश पालथे घालून द्राक्षवेलींच्या शेंकडों जातींचीं फाटीं जमविलीं, आणि पुढच्या वर्षीं तीं सिडनीस पोंचलीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत अॅडिलेड शहराच्या ईशान्येस साठ-सत्तर किलोमीटरांवर बरोसा नांवाचें खोरें आहे. तेथें १८४२ पासून सायलीशिया प्रांतांतील जर्मन कुटुंबें आपला धर्म निर्वेध पाळतां यावा म्हणून येऊन राहिलीं. त्यांनीं गहूं पेरला, देवळें बांधलीं आणि शिराझच्या वेली लावल्या. लँगमाईल येथील एक लहानसा मळा १८४३ सालचा मानतात, व त्यांतील वेली अजून फळ देतात. आमच्या रत्नागिरींत थिबा राजाला आणून ठेवलें १८८६ सालीं. त्याच्याहि त्रेचाळीस वर्षें आधींच्या या वेली आहेत, म्हणजे जुनेपणाची कल्पना येईल.

या वेली एवढ्या जगल्या कशा? युरोपांत का जगल्या नाहींत? १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेहून आलेली एक बारीक मवा-जातीची कीड फ्रान्सच्या मळ्यांत शिरली. फायलोक्झेरा तिचें नांव. ती मुळांवर बसते व वेल सुकवून टाकते. थोड्या वर्षांत लाखों एकर मळे नाहींसे झाले. शेवटीं उपाय सांपडला तो आपल्या कोंकणच्या माणसास तेव्हांच समजेल असा: कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीचें मूळ घ्यावें आणि त्यावर आपल्या वेलीचें कलम बांधावें. आज जगांतील बहुतेक द्राक्षवेली अशा दुसऱ्याच्या मुळावर उभ्या आहेत. आपला हापूसहि तसाच नव्हे काय? पोर्तुगीजांनीं गोव्यांत आंब्याचीं कलमें बांधण्याची रीत रुजविली, आणि अफोंसो द अल्बुकर्क याच्या नांवावरून आल्फोन्सो, व त्याचाच आपल्या तोंडीं हापूस झाला. वर हापूस, खालीं रायवळाचें मूळ. दक्षिण ऑस्ट्रेलियानें मात्र १८९९ सालीं कायदा केला, बाहेरच्या वेलींस व मातीस मज्जाव केला, आणि ती कीड आजवर वेशीबाहेर ठेवली. म्हणून बरोसाच्या जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. २००९ सालीं तेथील बागाइतदारांनीं वेलींच्या वयाचे चार आश्रमच ठरविले: पस्तीस वर्षांवरची ती जुनी, सत्तर वर्षांवरची ती तगलेली, शंभरावरची शतायु, आणि सव्वाशें वर्षांवरची ती ‘पूर्वज’. वेलीला पूर्वज म्हणणारे लोक आपल्याला अगदींच परके वाटत नाहींत.

जुनी वेल फळ कमी देते. घोंस लहान, मणी बारीक, साल जाड. रंग, सुवास आणि तुरटपणा हीं सारीं सालींत असतात. म्हणून मणी जितका बारीक तितका रस दाट. मूळ खोल गेलेलें असल्यामुळें एखादें वर्ष कोरडें गेलें तरी ती वेल घाबरी होत नाहीं. पण येथें कालिदासाचीच एक ताकीद ध्यानांत ठेवावी. मालविकाग्निमित्राच्या आरंभीं तो बजावतो कीं, केवळ जुनें म्हणून सर्वच चांगलें असें नसतें. शंभर वर्षांच्या सगळ्याच वेली चांगल्या दिसतात याचें एक कारण असें कीं, ज्या वाईट होत्या त्या पांचव्या-दहाव्या वर्षींच उपटल्या गेल्या. जुनेपणानें त्या चांगल्या झाल्या असें नव्हे. चांगल्या होत्या म्हणून त्यांना जुनें होऊं दिलें.

पडवींतली परीक्षा

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त अॅडिलेडला राहतो. गेल्या हिवाळ्यांत तो घरीं आला तेव्हां बरोसांतल्या एका शतायु मळ्याची बाटली त्यानें बरोबर आणली होती. एकत्र कुटुंबांत अशी वस्तु आली म्हणजे काय होतें हें वाचकांस सांगणें नको. आमच्या वडील वहिनींनीं पहिल्याच दिवशीं निकाल दिला: बाटली माजघराच्या उंबऱ्याआंत येणार नाहीं. ती पडवींतल्या फडताळांत राहिली. आम्ही आजवर या वाटेला गेलों नव्हतों व या वयांत जाण्याची हौसहि नव्हती. परंतु पुतण्यानें एक गोष्ट सांगितली तिनें आमची जिज्ञासा जागी झाली. तो म्हणाला, “काका, तिकडचे परीक्षक घोंट गिळीत नाहींत. तोंडांत घोळवतात नि थुंकून टाकतात. दिवसाला पन्नास-पन्नास नमुने पाहावे लागतात, ते प्यायले तर परीक्षा कोण करणार?” चूळ भरून टाकण्याची ही रीत आम्हांस पटली. वहिनी दारांतून म्हणाल्या, “भावोजी, चाखलें काय नि प्यायलें काय, जीभ तीच ना?” या कोटिक्रमाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, अजूनहि नाहीं.

बाटली आदल्या रात्रीं उभी करून ठेवली होती, म्हणजे तळाचा गाळ खालीं बसावा. पुतण्यानें हलक्या हातानें बूच काढलें आणि पणतीच्या उजेडांत पाहत, गाळ हलूं न देतां, रस कांचेच्या भांड्यांत निवळून घेतला. आमच्याकडे तूप कढवल्यावर बेरी न ढवळतां तें वरच्यावर ओततात, तशीच ती कृति. मग अर्धा तास वारें लागण्यासाठीं तो तसाच ठेवला.

प्रथम रंग. कोंवळें शिराझ जांभळ्या शाईसारखें दिसतें असें पुतण्या म्हणाला. हें मधोमध गर्द माणकाच्या रंगाचें, पण पेला तिरपा धरला कीं कडेला विटकरी छटा. नंतर वास. पहिला वास पिकून गळलेल्या जांभळांचा व करवंदांचा. त्यामागून उन्हांत वाळत घातलेल्या आमसुलांचा. मग काळ्या मिऱ्यांचा. आणि सर्वांच्या मागें, आम्हांस आश्चर्य वाटलें, सुक्या खोबऱ्याचा. यांतील कांहीं केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. हें मद्य ओक नांवाच्या झाडाच्या लांकडी पिंपांत ठेवतात, व अमेरिकन ओकच्या लांकडांत नारळासारखा वास देणारें एक द्रव्य खरोखरच असतें. मिऱ्यांची गोष्ट त्याहून मौजेची. शिराझला मिऱ्यांचा वास कां येतो हें कोडें ऑस्ट्रेलियांतील मद्यसंशोधन संस्थेनें २००८ सालीं उलगडलें. त्या सुगंधी द्रव्याचें नांव रोटंडोन. तेंच मिऱ्यांत असतें. आणि तें पहिल्यानें सांपडलें होतें तें नागरमोथ्याच्या कंदांत, त्याच्या शास्त्रीय नांवावरूनच त्याला हें नांव पडलें. संस्कृतांतली मुस्ता ती हीच. आपल्या उटण्यांतली मुळी आणि बरोसाची द्राक्षें एका वासानें जोडलेलीं निघावीं, ही सृष्टीची खुबी आहे.

शेवटीं रस. आयुर्वेदानें सहा रस सांगितले आहेत. त्यांपैकीं लवण वगळतां पांचहि या एका घोंटांत आम्हांस ओळखतां आले. जिभेच्या शेंड्यावर मधुराची चाहूल, पण साखर नव्हे. लगेच अम्ल, तोंडाला पाणी आणणारा. मग मिऱ्यांचा तिखटपणा. अगदीं किंचित कडू. आणि शेवटीं कषाय. हा कषाय म्हणजे जांभळाच्या बीचा, कोंवळ्या सुपारीचा, हिरड्याचा तुरटपणा. परंतु त्याची धार गेलेली. हिरडा चघळल्यावर जीभ ओढून धरल्यासारखी होते. येथें जुनें रेशमी सोवळें अंगावरून जावें तसा तो तुरटपणा टाळूवरून गेला. चूळ टाकल्यावरहि चव राहिली. तोंडांतला पदार्थ गेल्यावर मागाहून जाणवणाऱ्या अशा अव्यक्त चवीला वैद्यकांत ‘अनुरस’ असा नेमका शब्द आहे. पुतण्याला आम्हीं तो सांगितला, तेव्हां त्यानें तो मोबाईलवर टिपून घेतला. त्याच्याकडील परीक्षक नेमका हाच गुण घड्याळ लावून मोजतात.

मुरण्याचें कारण

आतां मूळ प्रश्न. पंधरा वर्षें बंद बाटलींत राहून हा रस आंबून शिरका कां झाला नाहीं? पुतण्या रसायनशास्त्राच्या भाषेंत सांगूं लागला. रसांत भरपूर आम्लता असली, सालींतून उतरलेलें कषाय द्रव्य पुष्कळ असलें आणि फळाचा अर्क दाट असला, म्हणजे त्याला काळ सोसतो. कषाय द्रव्याचे व रंगाचे सूक्ष्म कण हळूहळू एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशीं बसतात. म्हणून रंग निवळतो व तुरटपणाची धार बोथटते. बाटली थंड, काळोख्या जागीं आडवी ठेवावी, बूच ओलें राहावें, व वारंवार हलवूं नये. ज्या मद्यांत मुळांतच हीं द्रव्यें कमी, तें दोन-तीन वर्षांत नुसतें म्हातारें होतें; आणि जगांतील बहुतेक मद्य असेंच, लवकर संपविण्यासाठीं केलेलें असतें.

वहिनी दारांत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “यांत नवें तें काय? लोणच्याला कैरी आंबट नि कडक लागते. मऊ पडलेली कैरी घातली तर लोणचें मुरत नाहीं, सडतें. नि बरणी दर दिवशीं उघडून बघाल तरी सडतें.”

आमच्या मतें साऱ्या शास्त्राचें सार या तीन वाक्यांत आलें. जें मुरावयाचें तें आरंभीं कडक असावें लागतें. तें झांकून, जपून ठेवणारें कोणीतरी असावें लागतें. आणि त्या माणसाला घाई नसावी लागते. पदार्थाचा गुण आणि सांभाळणाऱ्याचा धीर, दोन्ही हवींत. एक असून भागत नाहीं.

या धीराची एक कथा ऑस्ट्रेलियांत प्रसिद्ध आहे. मॅक्स शूबर्ट हा पेनफोल्ड्स कंपनींत मद्य करणारा गृहस्थ. १९५० सालीं तो फ्रान्सला गेला, तेथें दीर्घकाळ मुरणारीं मद्यें पाहून आला, आणि १९५१ सालीं त्यानें अॅडिलेडच्या परिसरांतील शिराझपासून तसें मद्य करण्याचा पहिला प्रयोग केला. कांहीं वर्षांनीं जाणत्यांना तें चाखावयास दिलें. कोणासहि तें आवडलें नाहीं. कारण उघड होतें; कैरी अजून कडक होती. १९५७ सालीं वरिष्ठांनीं प्रयोग बंद करण्याचा हुकूम काढला. शूबर्टनें तीन हंगाम गुपचूप तें मद्य करून तळघरांत ठेवलें. दरम्यान पहिलीं पिंपें मुरलीं, तेच चाखणारे वाखाणूं लागले, आणि १९६० सालीं त्याच वरिष्ठांनीं प्रयोग पुनः सुरू करण्यास सांगितलें. ग्रेंज नांवानें तें मद्य आज जगभर प्रसिद्ध आहे. हुकूम मोडणें आम्ही शिक्षक या नात्यानें वाखाणूं शकत नाहीं. पण न मुरलेल्या वस्तूवर निकाल देण्याची घाई किती नडते, हें या कथेवरून दिसतें.

आपल्या मुलुखांत

आपल्या महाराष्ट्रांत काय आहे? शिराझची लागवड आपल्याकडेहि झाली आहे. नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें मद्याचा कारखाना काढला. पुढें नाशिकजवळ राजीव सामंत यांनीं १९९९ सालीं सुला ही कंपनी स्थापन केली. २००१ सालीं सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें स्वतंत्र धोरण आंखलें आणि नाशिकच्या बाजूस कारखाने वाढले. पण नाशिकची वेल आणि बरोसाची वेल यांचें आयुष्यच निराळें. थंड देशांत वेल हिवाळाभर पानें गाळून निजते. आपल्याकडे तिला झोंप नाहीं. म्हणून बागाइतदार तिची दोनदां छाटणी करतात, एप्रिलांत खरड छाटणी व दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ छाटणी, आणि द्राक्षें निघतात माघ-फाल्गुनांत. खायच्या द्राक्षांच्या बागा तर दहा-पंधरा वर्षांत थकल्या म्हणून काढून टाकण्याचाच प्रघात आहे. त्यामुळें नाशिकची सर्वांत जुनी शिराझ वेल आज फार तर पंचवीस-तीस वर्षांची. बरोसाच्या मोजमापानें ती अजून ‘जुनी’ या पहिल्या आश्रमांतहि शिरलेली नाहीं. तिच्या रसाची तुलना शतायु वेलीशीं करणें म्हणजे मुंजीच्या बटूची तुलना आजोबांशीं करणें होय. प्रश्न एवढाच कीं, तिला शंभर वर्षें कोणी राखील काय?

राखणें सोपें नसतें. बरोसांतहि एके काळीं जुन्या वेलींना कोणी पुसेना. शिराझ स्वस्त झालें, शेतकरी कर्जांत आले, आणि १९८० नंतरच्या दशकांत तेथील सरकारनें वेली उपटून टाकणाऱ्यांस पैसे देण्याची योजना काढली. शंभर-शंभर वर्षांच्या वेली मुळांसकट निघाल्या. कांहीं थोड्या कुटुंबांनीं मात्र पैसे नाकारले. त्यांच्यापाशीं कांहीं भविष्यवाणी नव्हती. आजोबांनीं लावलेलें आपल्या हातानें उपटवेना, एवढेंच. आज त्याच वेलींचीं द्राक्षें मिळावीं म्हणून लोक रांग लावतात. उपटलेली वेल मात्र कितीहि पैसे दिले तरी परत मिळत नाहीं; शंभर वर्षें विकत घेतां येत नाहींत.

ही हकीकत ऐकतां ऐकतां आमची दृष्टि पडवींतून आगराकडे गेली, हें साहजिकच होतें. रत्नागिरीच्या हापुसाला २०१८ सालीं, शेजारच्या चार जिल्ह्यांसह, भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाचें रक्षण झालें. झाडांचें काय? जुनीं कलमें उंच जातात. झाडावर चढणारा गडी मिळत नाहीं. एक वर्ष फळ, एक वर्ष विश्रांति असा त्यांचा क्रम. म्हणून कोठें तीं लांकडासाठीं तोडलीं जातात, कोठें त्या जागीं प्लॉट पडतात. आणि जीं उरतात त्यांपैकीं पुष्कळ कराराच्या व्यापाऱ्याच्या हातीं जाऊन कल्टार नांवाचें औषध मुळांशीं ओतून दरवर्षीं फळवलीं जातात. त्या औषधाची मात्रा शास्त्रज्ञांनीं झाडाच्या घेराप्रमाणें ठरवून दिली आहे. पण ज्याचा करार दोन वर्षांचा, त्याला तिसऱ्या वर्षाच्या झाडाची काळजी कां असावी? शंभर वर्षांच्या झाडाचा हिशेब दोन वर्षांच्या माणसाच्या हातीं देणें, हें दर दिवशीं बरणी उघडण्यासारखेंच आहे.

आमच्या आगरांत आजोबांच्या हातचीं नऊ कलमें आहेत. तीं काढून तेथें लहान झाडांची दाट लागवड करावी, असा तरुण मंडळींचा विचार गेलीं दोन वर्षें चालला होता. आणि त्यांचा हिशेब चुकीचा होता असें म्हणतां येणार नाहीं. यंदा घरांत बसून सर्वांनीं विचार केला. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें जुन्या आंब्यांच्या फांद्या उतरवून, उजेड आंत घेऊन, झाडाला पुनः तरुण करण्याची रीत दाखवून दिली आहे. त्या रीतीनें सहा झाडें राखावयाचीं ठरलीं. तीन झाडें आंतून पोंखरलेलीं होतीं, त्यांना निरोप द्यावयाचें ठरलें, व त्यांच्या जागीं नवीं कलमें लागतील. तीन-चार वर्षें उत्पन्न बुडेल. तें सर्वांनीं वांटून सोसावयाचें. सहा राखलीं व तीन काढलीं, हाहि त्या चर्चेंतलाच धडा आहे: जुनें म्हणून सगळेंच ठेवूं नये, आणि फळ कमी देतें म्हणून सगळेंच काढूं नये.

एकत्र कुटुंबाविषयीं आजकाल दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो जुनें सर्व पवित्र. कोणी म्हणतो जुनें सर्व शिळें. दोघेहि चाखण्याचे श्रम घेत नाहींत. ज्या रूढींत मुळांतच आम्लता नव्हती, म्हणजे सत्याची धार नव्हती, ती कितीहि काळ झांकून ठेवली तरी सडणारच. तिची बरणी रिकामी करून धुऊन टाकावी. पण जी वस्तु आरंभीं कडक, तुरट, मुलांना नकोशी वाटणारी, तिच्यांत सत्त्व असेल तर तिला वेळ द्यावा. सकाळचें पाठांतर, पंक्तींत शेवटपर्यंत थांबणें, वडिलांपुढें आपला शब्द आंवरणें, या गोष्टींचा तुरटपणा आम्हांस दहाव्या वर्षीं बोंचला. साठीनंतर त्यांचा अनुरस कळतो.

मद्य घरांत येवो न येवो, हा विचार यावयास हरकत नाहीं. ज्या वाचकांपाशीं हातभर जमीन आहे, त्यांनीं येत्या मृगांत एक कलम लावावें, आणि त्याचीं फळें आपल्या हयातींत किती मिळतील हा हिशेब त्या दिवशीं करूं नये. ज्यांच्यापाशीं जमीन नाहीं, त्यांच्यापाशीं बरणी आहे. कैरी आंबट व कडक निवडावी, दादरा घट्ट बांधावा, आणि मग तिकडे वारंवार पाहूं नये.